चाचण्या सांगतात एक, तुझं पत्र सांगतं दुसरंच

ताई, सप्रेम नमस्कार.

मी चोवीस वर्षांची आहे. गाव कराडजवळ. बी.एस्सी. केमिस्ट्री केलं, ७१ टक्के पडले. दोन वर्षं झाली, लोट्याच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये आहे आणि चिपळूणला खोली घेऊन राहते. हातात १९ हजार येतात. काम वाईट नाही, पण तेच तेच. तेच प्रॉडक्ट, तीच टायट्रेशन, तेच नमुना तपासायचं एचपीएलसी यंत्र, महिन्यातून एक आठवडा नाईट. हेच आयुष्यभर करायचं का, या विचाराने झोप लागत नाही.

बाबा म्हणतात बी.एड. कर, मुलीला शाळा बरी. मामा म्हणतात एमपीएससी. मैत्रीण एम.एस्सी. करतेय, ती म्हणते जॅम दे, आयआयटीतल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा. पण माझं फिजिकल केमिस्ट्री पहिल्यापासून कच्चं, मला नाही जमणार. म्हणून ऑनलाइन चाचण्या द्यायला लागले. एका स्वभाव-चाचणीत आयएनएफपी अशी चार अक्षरं आली, लेखक किंवा समुपदेशक व्हा म्हणे. तीन महिन्यांनी पुन्हा दिली तर आयएसएफजे. दुसऱ्या एका चाचणीत संशोधक. दहावीच्या कल चाचणीत तर गणवेशधारी सेवा आलं होतं, माझी उंची बघून घरात सगळे हसले. आता गावाकडे एक जण बोटांच्या ठशांवरून मेंदूचा रिपोर्ट काढून देतात, साडेसहा हजार रुपये घेतात. भाऊ म्हणतो, एकदाची करून टाक.

लॅबमध्ये नवीन ट्रेनी आले की सर माझ्याकडेच पाठवतात. एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याच्या लेखी सूचना, इंग्रजीत असतात, म्हणून मी त्यांच्यासाठी वहीत मराठीत पायऱ्या काढून ठेवल्यात. मागे एकदा ओओएस आली होती, तेव्हा कारण सापडेपर्यंत थांबले आणि कंपनीची बस चुकली. पण ते जाऊ दे. मला एवढंच सांगा, यातली कोणती चाचणी खरी? मी नक्की कोण आहे?

— गोंधळलेली केमिस्ट, चिपळूण

*

प्रिय केमिस्ट,

अख्ख्या पत्रातली सगळ्यात कामाची तीन वाक्यं तू लिहिलीस आणि लगेच "पण ते जाऊ दे" म्हणून पुसून टाकलीस. ट्रेनी, वही आणि चुकलेली बस. माझं उत्तर तिथेच आहे. पण तू चाचण्यांचं विचारलं आहेस, तर आधी त्या निकालात काढू.

ती चार अक्षरांची चाचणी इझाबेल मायर्स आणि तिची आई कॅथरीन ब्रिग्ज या दोघींनी १९४० च्या दशकात तयार केली. आधार होता मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने १९२१ मध्ये मांडलेल्या स्वभावप्रकारांचा. तू दिलीस ती बहुधा तिची इंटरनेटवरची फुकट नक्कल. मूळ चाचणीतच एक गोची आहे. बहुतेक माणसं प्रत्येक बाबतीत मधे कुठेतरी असतात, थोडी बोलकी, थोडी अबोल. ही चाचणी बरोबर मधे रेघ मारते आणि अलीकडच्याला एक अक्षर देते, पलीकडच्याला दुसरं. त्यामुळे ५१ वाला आणि ४९ वाला दोन वेगळ्या प्रकारांत जाऊन बसतात, आणि ४९ वाला व ५ वाला एकाच प्रकारात. काही आठवड्यांनी पुन्हा दिली की बऱ्याच जणांची अक्षरं बदलतात ती यामुळेच. तुझं पहिलं आणि तिसरं अक्षर तेच राहिलं, दुसरं आणि चौथं पालटलं. म्हणजे त्या दोन बाबतीत तू रेघेच्या आसपास आहेस, एवढंच. एकदा दिवसपाळीच्या आठवड्यात दिली असशील, एकदा नाईटच्या. उमेदवार निवडायला ही चाचणी वापरू नका, असं मूळ चाचणीचे प्रकाशक स्वतःच सांगतात. मग आयुष्याची दिशा निवडायला ती कशी पुरेल?

तरी वाचताना "अगदी मीच" असं वाटलं असेल. वाटणारच. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं 'खास' स्वभाववर्णन दिलं. किती जुळतं याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी चारच्या वर गेली. मग कळलं की सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, आणि त्यातला बराचसा ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचललेला. तुमच्यात पुष्कळ क्षमता वापराविना पडून आहेत, बाहेरून शिस्तीच्या दिसता पण आतून काळजी करता, अशी ती वाक्यं. सांग, चिपळूण ते कराड एसटीत बसलेल्या कुणाला ही लागू पडणार नाहीत?

ठशांचा रिपोर्ट याच जातीचा, फक्त महाग. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ठरून जातात. त्यानंतर तू जे काही शिकलीस, वाचलंस, ज्याला कंटाळलीस, त्यातलं काहीही तिथे उमटत नाही. मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनरच्या १९८३ सालच्या बहुविध बुद्धिमत्तेच्या कल्पनेतले शब्द उसने घ्यायचे, रंगीत आलेख काढायचे आणि शाळांमधून, शिबिरांमधून विकायचं, असा तो धंदा आहे. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं आहे. साडेसहा हजार म्हणजे तुझ्या पगाराचा तिसरा हिस्सा. भावाला म्हणावं, एवढीच हौस असेल तर स्वतःच्या बोटांचे ठसे दे, स्वतःच्या पैशाने.

दहावीच्या कल चाचणीला मात्र मी हसणार नाही. राज्यात ती २०१६ पासून दहावीच्या मुलांसाठी सुरू झाली, तू पुढच्या एक-दोन वर्षांत दिली असशील. ती क्षमता मोजत नव्हती, आवड विचारत होती. पंधरा वर्षांच्या मुलीला आवड सांगता येते ती तिने पाहिलेल्या कामांची. कराडच्या रस्त्यांवर भरतीची तयारी करणाऱ्या मुली पहाटे पळताना दिसतात. क्यूसी ॲनालिस्ट पळताना कुणी पाहिलीय? तुला तेव्हा शिस्त, ठरलेली पद्धत, नेमून दिलेली जबाबदारी हे आवडत असेल, आणि ते सगळं असणारं तुला माहीत असलेलं एकच काम खाकीतलं होतं. विनोदी वाटणारा तो निकाल पार चुकीचाही नव्हता. आज तू पांढऱ्या कोटात, एकेका नोंदीखाली सही आणि तारीख टाकत त्याच स्वभावाने काम करतेयस.

तुला 'संशोधक' सांगणारी चाचणी कोणती ते लिहिलं नाहीस, पण बहुधा ती मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंडच्या पद्धतीची असावी. सगळ्यांत मला तीच बरी वाटते. दुसऱ्या महायुद्धात हा माणूस अमेरिकी सैन्यात भरती झालेल्यांच्या मुलाखती घेऊन त्यांना कामं वाटून द्यायचा. माणसांच्या कामधंद्याच्या कथा थोड्याच साच्यांत बसतात, हे त्याच्या तिथेच लक्षात आलं आणि १९५९ मध्ये त्याने ते मांडलं. हातांनी वस्तू-यंत्रांशी काम करणारे, शोध घेणारे, कलेकडे ओढ असणारे, माणसांना शिकवणारे-सावरणारे, पुढाकार घेऊन पटवणारे-चालवणारे आणि नोंदी-नियम-व्यवस्था सांभाळणारे, अशा सहा वृत्ती. एकट्या एका वृत्तीचं कुणीच नसतं, म्हणून निकालात वरच्या तीन बघायच्या. अमेरिकेच्या श्रम खात्याची याच धर्तीची ६० प्रश्नांची चाचणी इंटरनेटवर फुकट मिळते. "तुम्ही सर्जनशील आहात का" असलं ती विचारत नाही. "प्रयोगशाळेत नमुने तपासायला आवडेल का", "कुणाला व्यायाम शिकवायला आवडेल का" अशी कामं समोर ठेवते. ती दे. मात्र निकालानंतर येणारी नोकऱ्यांची यादी अमेरिकेतली असते, ती सोडून दे आणि तीन वृत्ती तेवढ्या घे. तुझ्या बाबतीत त्या कोणत्या येतील याचा मी पत्रावरूनच अंदाज बांधलाय: शोध, शिकवणं, व्यवस्था.

आता ती तीन वाक्यं.

ज्यांचा लॅबशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. ओओएस म्हणजे नमुन्याचा निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर जाणं. मग माल अडतो, चौकशी लागते, कागद वाढतात. स्टँडर्डचं वजन चुकलं, पातळ करताना गफलत झाली, कॉलममध्ये हवा गेली, की खरोखर बॅचच बिघडली, हे एकेक करून तपासावं लागतं. लॅबमधल्या बऱ्याच जणांना ओओएस आली की पोटात गोळा येतो. तू बस सोडलीस. कुणी थांबवलं म्हणून नाही, कारण सापडल्याशिवाय तुला निघवेना म्हणून. "तेच तेच" चा कंटाळा असलेल्या मुलीला त्याच लॅबमध्ये, त्याच यंत्रासमोर वेळेचं भान राहिलं नाही. म्हणजे कंटाळा केमिस्ट्रीचा नाही आणि लॅबचाही नाही. ज्या कामात उत्तर आधीच ठाऊक असतं त्याचा आहे.

आणि ती वही. तुला ती काढायला कुणी सांगितलं नव्हतं, पगारात त्याचे पैसे मिळत नाहीत, वार्षिक अप्रेझलच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. तरी ती झाली. स्वतःला ओळखायचं असेल तर माझा भर असल्या पुराव्यावर असतो. कुणी न सांगता, फायदा नसताना, थकलेली असताना तू काय केलंस? चाचणीत आपण स्वतःबद्दलचं मत देतो. त्यात आपण कसे आहोत हे थोडं असतं आणि कसे असायला आवडेल हे बरंच. वही हे मत नाही, ते घडून गेलेलं आहे.

तेव्हा "मी नक्की कोण आहे" हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेव. तो मोठा आहे, आणि चोवीसाव्या वर्षी त्याचं उत्तर देणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. त्याऐवजी एक महिना शिफ्ट संपली की, बसमध्येच, चार ओळी लिही. आज कोणत्या कामात वेळ कळला नाही. कोणतं काम तीनदा पुढे ढकललं. कोण काय विचारायला आपण होऊन माझ्याकडे आलं. त्या वेळी मी एकटी होते की माणसांत, आणि पाळी कोणती होती. शेवटचा प्रश्न गाळू नकोस. पुष्कळ मुलं नाईट शिफ्टला वैतागतात आणि क्षेत्र बदलतात. खरं तर त्यांना फक्त पाळी बदलून हवी असते. महिन्यातले तीन आठवडे तुझी नोंद बरी आणि नाईटचाच आठवडा काळवंडलेला निघाला, तर प्रश्न केमिस्ट्रीचा नाही, झोपेचा आहे, आणि त्याचा उपाय फार स्वस्त आहे.

दुसरं म्हणजे, तुला काम करताना पाहिलेल्या तिघांना विचार. आई नको, भाऊ तर नकोच. तुझे सर, तुझ्या हाताखाली शिकलेला एखादा ट्रेनी, कॉलेजमधला प्रॅक्टिकलचा पार्टनर. "माझा स्वभाव कसा आहे" असं विचारलंस तर गोड उत्तरं येतील. असं विचार, "कोणतं काम अडलं तर तुम्ही आधी माझ्याकडे याल, आणि कोणतं माझ्याकडे कधीच देणार नाही?" सिमीन वझिरे या मानसशास्त्रज्ञ संशोधिकेने २०१० मध्ये दाखवलं होतं की आपली काळजी, धाकधूक असल्या आतल्या गोष्टी आपल्याला इतरांपेक्षा बऱ्या कळतात, पण बुद्धी, कल्पकता असं ज्याला चांगलं-वाईट चिकटलेलं असतं, तिथे जवळून पाहणाऱ्या माणसांचा अंदाज आपल्यापेक्षा बरोबर निघतो. कारण सरळ आहे, तिथे आपला अभिमान नाही तर न्यूनगंड मधे येतो.

तुझ्या बाबतीत न्यूनगंड. "फिजिकल पहिल्यापासून कच्चं, मला नाही जमणार." हे कोणी सांगितलं? शेली कोरेल या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंचा २००१ सालचा अभ्यास आहे, तिथल्या शाळकरी मुलामुलींवरचा. गणितात सारखेच गुण असताना मुलगे स्वतःला गणितात जास्त हुशार समजत होते, आणि स्वतःला हुशार समजणारेच पुढे गणित लागणाऱ्या वाटांना जात होते. म्हणजे आत्मपरीक्षण आपण एकट्याने करत नाही, मुलींना काय जमतं याबद्दल आजूबाजूला जे बोललं जातं तेही शेजारी बसून पेपर तपासत असतं. फिजिकल केमिस्ट्रीत गणित असतं, आणि आपल्याकडे मुलीचं गणित कच्चं असणं हे जणू गृहीतच.

म्हणून मत नको, मोजमाप घे. गुणपत्रिका काढ आणि फिजिकलचे गुण ऑरगॅनिकच्या शेजारी ठेव. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी जॅमचा जुना पेपर, तो फुकट मिळतो, घड्याळ लावून सोडव. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. तयारीशिवाय गुण कमीच येतील, त्याचं काही नाही. कोणत्या भागात थोडे तरी येतात आणि कोणत्या भागात पाटी कोरी, ते बघ. फिजिकल खरोखरच कोरं निघालं तर तेही कळलेलं चांगलं.

क्षमता मोजून घ्यायची असेल तर कशी, हेही सांगते. खऱ्या अभिक्षमता चाचणीत वेळ लावलेली असते, उत्तरं बरोबर किंवा चूक असतात आणि तुझे गुण त्याच वयाच्या हजारो जणांच्या गुणांशी ताडून पाहिलेले असतात. आकडेमोड, भाषा, आकृत्या, यंत्रांची समज हे सगळं वेगवेगळं मोजतात. नंतर शिकलेला माणूस समोर बसून निकाल समजावून देतो. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिकेत असं काम चालतं. ठशांपेक्षा तिथलं एसटीचं तिकीट काढ. मात्र तुला त्याची निकड आहे असं मला वाटत नाही. दहावीच्या मुलाकडे दाखवायला काहीच नसतं, त्याला अशी चाचणी फार उपयोगी. तुझ्याकडे दोन वर्षांचं काम आहे.

आता घरच्यांचे सल्ले, एकेक.

एमपीएससीबद्दल तुझ्या पत्रात एक वाक्य आहे आणि त्याचा कर्ता मामा आहे. खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत मुभा आहे, तेव्हा आज नाही म्हटलंस तर दार बंद होत नाही. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे आता पानंच्या पानं लिहायची. इतिहास, राज्यव्यवस्था, अर्थकारण यांतलं काही तू कधी आपणहून वाचलं आहेस का? नसशील तर मामांचा मान ठेव आणि विषय सोड.

बी.एड. जरा सावकाश. तुला शिकवायला आवडतं, तेव्हा बाबा अगदीच हवेत बोलत नाहीत. पण काय शिकवायला, कुणाला? दोन ट्रेनी, दोघंही पगारी, दोघांनाही उद्या तेच काम एकट्याने करायचंय, म्हणून कान टवकारून ऐकणारे. नववीच्या वर्गात साठ मुलं असतात आणि त्यातल्या चाळिसांना मधल्या सुट्टीची घंटा ऐकायची असते. काहींना तेच आव्हान आवडतं. तुला आवडतं का, हे अजून तुलाच माहीत नाही. दोन वर्षांचा कोर्स, प्रवेशाची सीईटी, मग आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी टीईटी, सरकारी भरतीला अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलची वाट बघणं. एवढ्या वाटेला लागण्याआधी चिपळूणमध्येच आठवड्याच्या सुट्टीला बारावीच्या पाच-सहा मुलांची केमिस्ट्री घे. फी नाममात्र ठेव, पण घे, म्हणजे ती गंभीरपणे येतील. तिसऱ्या महिन्यात, तोच धडा पुन्हा समजावताना, तुला उत्साह वाटतो की टायट्रेशनसारखंच वाटतं, ते बघ.

आणि आता तुझ्या घरात कुणी बोलत नाही त्या वाटा. कारण त्या कुणी पाहिलेल्याच नाहीत.

तुझ्याच कंपनीत क्यूए, म्हणजे गुणवत्ता हमीचं खातं आहे. ओओएसची चौकशी पुरी करणं, कारणमीमांसा लिहिणं, एसओपी सुधारणं आणि लोकांना त्या शिकवणं हे तिथलं रोजचं काम. तुझी वही म्हणजे या खात्यासाठीचा अर्जच आहे, फक्त तू तो अजून कुणाला दाखवलेला नाहीस. दुसरी वाट रेग्युलेटरी अफेअर्सची. औषधाची परवानगी मागताना जे डॉसियर जातं त्याचे पाच भाग असतात आणि तिसरा भाग गुणवत्तेचा, म्हणजे तुझ्या लॅबमधून निघालेल्या आकड्यांचा. ते आकडे कुठून येतात हे हाताने अनुभवलेली आणि सरळ लिहू शकणारी माणसं तिथे लागतात. या नोकऱ्या मुंबई, हैदराबाद, अहमदाबादकडे जास्त, थोड्या गोव्यात. तिसरी मला तुझ्यासाठी सगळ्यात आवडलेली. एचपीएलसीसारखी यंत्रं विकणाऱ्या कंपन्या ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट ठेवतात. ग्राहकाच्या लॅबमध्ये जायचं, त्यांच्या नमुन्यासाठी पद्धत बसवून द्यायची, अडलेलं शोधायचं आणि तिथल्या लोकांना शिकवून परत यायचं. शोध, शिकवणं आणि शिस्त एकाच पगारात, आणि रोज नवी लॅब. प्रवास मात्र भरपूर, तो चालेल का हे तुझ्या नोंदवहीला विचार.

या तिसऱ्या वाटेवर एम.एस्सी.ला झुकतं माप मिळतं. अन्न सुरक्षा अधिकारी व्हायचं म्हटलं तरी केमिस्ट्रीवाल्यांना नियमाने पदव्युत्तर पदवी लागते, नुसती बी.एस्सी. चालत नाही. म्हणून मैत्रिणीचा सल्ला मी सगळ्यात वर ठेवीन, पण जॅम हा एकच दरवाजा नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला ॲनालिटिकल केमिस्ट्री ही शाखा आहे. दोन वर्षं लॅबमध्ये काढून ती शिकायला बसशील तेव्हा वर्गातल्या इतरांना जे पुस्तकात वाचावं लागेल ते तुझ्या हाताला आधीच ठाऊक असेल.

पैशाचं बोलायला हवं, तू ते टाळलं आहेस. १९ हजारांतून खोली, डबा जाऊन घरी किती पाठवतेस? बंद झाले तर घर अडेल का? आवड, कौशल्य यांच्या जोडीने हाही आत्मपरीक्षणाचाच भाग आहे, आणि त्याचा आकडा कागदावर असल्याशिवाय कोणतीही निवड खरी नसते. फ्रँक पार्सन्स या गृहस्थांनी १९०८ मध्ये बोस्टनला व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय काढलं तेव्हा कारखान्यांत शिरणाऱ्या गरीब पोरांना ते हेच सांगत: स्वतःला नीट ओळखा, आपली साधनं आणि मर्यादा यांच्यासकट. मग कामं ओळखा, मग दोन्हींची सांगड घाला. सव्वाशे वर्षं व्हायला आली, या क्रमात फारशी सुधारणा झालेली नाही. हल्ली फक्त पहिल्या पायरीवरच फार लोक दुकान मांडून बसतात.

लग्नाचं तू लिहिलं नाहीस, पण "मुलीला शाळा बरी" यामागे ते आहे हे तुलाही कळतं. बाबांशी वाद घालू नकोस. त्यांना मुलीसाठी स्थैर्य हवंय, आणि त्यांनी पाहिलेलं स्थैर्य शाळेतलं आहे. त्यांना एकदा लोट्याला आण. गेटच्या आत सोडणार नाहीत कदाचित, पण बाहेर चहा घेताना तुझ्या सरांशी पाच मिनिटं बोलू देत. क्यूए, एम.एस्सी. हे शब्द तुझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्यांच्या तोंडून ऐकले तर लवकर पटतील. हे न्याय्य नाही. पण उपयोगी आहे.

तुझ्या जागी मी असते तर असं केलं असतं. नोकरी आत्ता सोडायची नाही. या महिन्यात नोंदी, तिघांशी बोलणं आणि जॅमचा एक पेपर. पुढच्या महिन्यात वही घेऊन सरांकडे जायचं आणि क्यूएमध्ये एखाद्या चौकशीला मदतनीस म्हणून घ्या असं विचारायचं. बदली मागायची नाही, काम मागायचं. बदलीला एचआर लागतं, कामाला सरांचा होकार पुरतो. चार-सहा महिने तिथलं काम चाखल्यावर तुझ्या हातात दोन वर्षांऐवजी अडीच वर्षांचा अनुभव असेल आणि तो एकाच यंत्राचा नसेल. जॅमचे अर्ज सप्टेंबरच्या सुमारास सुटतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. तोवर पेपरचे गुण, घरी लागणारे पैसे आणि क्यूएमधला अनुभव हे तिन्ही समोर असतील. अर्ज भरायचा की नाही ते तेव्हा ठरव. भरलास तर कोल्हापूरचाही भर.

बारावीच्या मुलांची शिकवणी मात्र पुढच्याच सुट्टीपासून सुरू कर. दहावी-बारावीच्या घरांतून ऑगस्टनंतर क्लास ठरलेले असतात, मग कोणी येत नाही.

— ताई